आजारी कोंबडीचा निवाडा

परसांतल्या खुराड्यांतली एखादी कोंबडी सकाळीं बाहेर पडत नाहीं, पिसें फुगवून कोपऱ्यांत बसते, चोंच उघडून श्वास घेते, पुढें टाकलेल्या दाण्याकडे पाहतसुद्धां नाहीं. अशा वेळीं तिच्या धन्यापुढें तीनच मार्ग असतात. तिला औषध द्यावें, तिला मारून टाकावें, किंवा कांहींच न करितां वाट पाहावी. हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं घरगुती आणि क्षुल्लक वाटतो. एका कोंबडीची किंमत ती किती! परंतु याच प्रश्नाचें उत्तर शोधीत असतां प्रयोगशाळेंत तयार झालेल्या पहिल्या लसीचा जन्म झाला; हिमालयाच्या पायथ्याजवळील एका थंड हवेच्या ठिकाणाचें नांव एका भयंकर रोगाला कायमचें चिकटलें; आणि महाराष्ट्राच्या सीमेवरील एका तालुक्यांत लाखों पक्षी थोड्याच दिवसांत खड्ड्यांत पुरावे लागले.

या इतिहासाकडे पाहिलें असतां एक गोष्ट लक्षांत येते. आजारी पक्ष्याला वांचवावें कीं मारावें हें ठरवितांना माणसानें निरनिराळ्या काळीं निरनिराळे प्रश्न विचारले. प्रारंभीं तो एवढेंच विचारी कीं, ही कोंबडी बरी होईल काय? पुढें त्यानें विचारलें, हिच्यापासून इतर कोंबड्यांना अपाय होईल काय? त्याहिपुढें, माणसांना होईल काय? आणि सर्वांच्या शेवटीं, कांहींशा नाखुषीनेंच, त्यानें विचारलें कीं, दुसऱ्यांच्या रक्षणासाठीं ही मारावयाची झाली तर तिची किंमत कोणीं सोसावी? हे चारहि प्रश्न एकत्र विचारल्याशिवाय निवाडा न्याय्य होत नाहीं, ही समजूत येण्यास फार काळ लागला. आणि ती आली तीहि पुष्कळ नुकसान सोसल्यावर.

पहिल्या प्रश्नाचा इतिहास फार जुना आहे. इ. स. च्या पहिल्या शतकांत कोलुमेला नांवाच्या रोमन लेखकानें शेतीवर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या आठव्या भागांत कोंबड्यांच्या संगोपनाचें विवेचन आहे, आणि त्यांत त्यांच्या आजारांवरील उपचारहि आहेत. कोंबडीच्या जिभेच्या टोकावर पांढरट कवच येतें तें नखानें अलगद सोलून काढावें, लसूण वापरावा, असा त्याचा उपदेश. युरोपांतील शेतकरी पुढें कित्येक शतकें हा उपचार करीत राहिले. आज असें कळतें कीं, तें कवच हा मुळीं रोगच नव्हे. नाक चोंदल्यामुळें पक्षी तोंडानें श्वास घेऊं लागला म्हणजे त्याची जीभ वाळते आणि टोक टणक होतें. तें सोलणाऱ्यानें लक्षणालाच रोग मानलें, व बिचाऱ्या पक्ष्याच्या त्रासांत जखमेची भर घातली. आपल्याकडील खेड्यापाड्यांतहि हळद, लसूण, कांदा यांचे घरगुती उपचार चालत आलेले आहेत. त्यांनीं कोंबडी बरी झाली तर श्रेय उपचाराला, मेली तर दोष दैवाला, असा हिशेब असे.

याच्या जोडीला दुसरीहि एक रीत सर्व देशांत होती. मेलेली कोंबडी मातीमोल. पण मरण्यापूर्वीं कापली तर निदान एक वेळचें जेवण निघतें, किंवा बाजारांत विकली तर चार पैसे हातीं येतात. गरिबाच्या दृष्टीनें हा हिशेब चुकीचा नव्हता. ज्या घरांत कोंबडी हीच बाईच्या हातची शिल्लक असते, मिठामिरचीचा खर्च अंड्यांवर भागतो, पाहुणा आला कीं खुराड्याकडे नजर जाते, त्या घरानें आजारी पक्ष्याचें जें कांहीं मिळेल तें पदरांत पाडून घ्यावें, हें स्वाभाविकच होतें. परंतु त्या हिशेबांत शेजाऱ्याच्या कोंबड्या कोठेंच येत नव्हत्या. बाजाराला गेलेली आजारी कोंबडी आपल्याबरोबर काय घेऊन जाते, हें कोणालाहि ठाऊक नव्हतें.

शेजाऱ्याचा प्रश्न पहिल्यानें कसोशीनें विचारला गेला तो कोंबड्यांच्या बाबतींत नव्हे, गुरांच्या बाबतींत. अठराव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत गुरांच्या बुळकांडीची मोठी साथ आली. पोपचा वैद्य जोव्हानी मारिया लान्चिसी यानें या रोगावर उपचार करीत बसण्यापेक्षां रोगी जनावरें मारून पुरावीं, त्यांची ने-आण बंद करावी, असें सांगितलें. त्याचा या विषयावरील ग्रंथ १७१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास, १७१४ सालीं, साथ लंडनजवळच्या गोठ्यांत शिरली. तेथें राजवैद्यांपैकीं टॉमस बेट्स या शस्त्रवैद्यानें लान्चिसीप्रमाणेंच कडक उपाय सुचविले. मात्र त्यांत एक फार शहाणपणाचें कलम घातलें. जाळून टाकलेल्या प्रत्येक रोगी जनावरामागें धन्याला चाळीस शिलिंग द्यावे, असें त्याचें म्हणणें. रोग लपविण्यापेक्षां खबर देणेंच धन्याला परवडलें पाहिजे, हें त्यामागील तत्त्व. तेथील साथ कांहीं महिन्यांत आटोक्यांत आली. मारण्याचा हुकूम आणि नुकसानीची भरपाई हीं एकाच गाड्याचीं दोन चाकें आहेत, हें बेट्सनें तीनशें वर्षांपूर्वीं ओळखलें होतें. पुढें मात्र पहिलें चाक सर्वांच्या लक्षांत राहिलें आणि दुसऱ्याचा वारंवार विसर पडला.

कोंबडीच्या आजाराचें खरें स्वरूप कळूं लागलें तें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. त्या काळीं फ्रान्समधील शेतकऱ्यांच्या कोंबड्या एका रोगानें पटापट मरत. त्याला ‘कोंबड्यांचा कॉलरा’ असें म्हणत, जरी माणसाच्या कॉलऱ्याशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. तुलूझ येथील पशुवैद्य आंरी तूसें यानें लुई पाश्चर याजकडे या रोगाचें द्रव्य पाठविलें, आणि पाश्चरनें कोंबडीच्याच मांसाच्या रसांत त्याचे जंतु वाढविले. ताजे जंतु टोंचले कीं कोंबडी मरे. परंतु बरेच दिवस हवेंत राहिलेले जुने जंतु टोंचले तर ती थोडी आजारी पडून बरी होई, आणि मग ताज्या जंतूंनाहि दाद देत नसे. १८८० सालीं पाश्चरनें हे प्रयोग फ्रेंच विज्ञान अकादमीपुढें मांडले. देवीची लस गाईच्या रोगापासून निसर्गानेंच दिलेली होती. प्रयोगशाळेंत जंतूचें विष कमी करून तयार केलेली पहिली लस ती ही. पुढें काळपुळी आणि पिसाळ यांवरील लसींची वाट येथूनच निघाली.

या प्रयोगांतील दुसरा एक भाग तितकाच महत्त्वाचा होता; मात्र त्याची प्रसिद्धि कमी झाली. तेच जंतु गिनीपिग या लहान प्राण्याला टोंचले असतां त्याच्या अंगावर नुसतें गळूं येई. प्राणी खाऊनपिऊन सुखरूप राही. पण त्या गळवांतला पू कोंबडीच्या पोटांत गेला कीं कोंबडी मरे. म्हणजे स्वतः धडधाकट असणारा जीव दुसऱ्याच्या मृत्यूचें कारण होऊं शकतो. ही गोष्ट ज्याच्या ध्यानांत आली, त्याला ‘ही कोंबडी बरी होईल काय’ एवढाच प्रश्न विचारून भागणार नव्हतें. कोंबड्यांच्या कॉलऱ्यांतून वांचलेल्या पक्ष्यांपैकीं कित्येकांच्या शरीरांत जंतु ठाण मांडून राहतात, व पुढच्या पिढीला तो रोग देतात, हें नंतर सिद्ध झालें. औषधानें बरी झालेली कोंबडी धन्याला वांचल्यासारखी दिसते. कळपाच्या दृष्टीनें ती धोक्याचीच राहते.

अमेरिकेंत या विचाराची कसोटी लागली ती पिलांच्या पांढऱ्या हगवणीच्या बाबतींत. अंड्यांतून बाहेर पडलेलीं पिलें दोन-तीन आठवड्यांच्या आंत झपाट्यानें मरत. लिओ रेट्गर या शास्त्रज्ञानें १९०० च्या सुमारास त्या रोगाचा जंतु शोधून काढला, आणि पुढें असें दाखवून दिलें कीं, तो आईच्या अंडाशयांतूनच अंड्यांत उतरतो. पिलाला रोग देणारी कोंबडी स्वतः मात्र तुकतुकीत असते, अंडीं घालते, आणि कोणालाहि तिचा संशय येत नाहीं. १९१३ सालीं रक्ताच्या परीक्षेनें अशा कोंबड्या ओळखण्याची युक्ति निघाली. पुढें १९३१ सालीं रक्ताचा एक थेंब रंगविलेल्या जंतूंच्या द्रावांत मिसळून जागच्या जागीं निकाल मिळूं लागला. १९३५ सालीं तेथें राष्ट्रीय कुक्कुटसुधार योजना सुरू झाली, आणि परीक्षेंत दोषी ठरलेले पक्षी कळपांतून काढून टाकण्याची पद्धति रूढ झाली. निरोगी दिसणारी, अंडीं देणारी कोंबडी मारावयाची, हें शेतकऱ्याच्या मनाला पटणें सोपें नव्हतें. पण पिलांच्या मरणाचें मूळ तेथेंच होतें, आणि त्या मुळावर घाव घातल्यानेंच तेथील मोठ्या कळपांतून तो रोग जवळजवळ नाहींसा झाला.

तथापि यावरून सर्वच आजारांना सुरीचा न्याय लावावा असें मुळींच ठरत नाहीं. त्याच काळांत दुसऱ्या बाजूनें औषधांचाहि विजय होत होता. कोंबड्यांच्या आंतड्यांत एकपेशीय परोपजीवी वाढून त्यांना रक्ती हगवण लागते. दमट, कोंदट खुराड्यांत लहान पक्षी या रोगानें पुष्कळ मरत. १९३९ सालीं अमेरिकेंत सल्फा जातीच्या औषधानें हा रोग आटोक्यांत येतो असें दिसून आलें, आणि १९४८ च्या सुमारास त्याच जातीचें अधिक परिणामकारक औषध कोंबड्यांच्या खाद्यांत मिसळून देतां येऊं लागलें. रक्ती हगवण झालेल्या पक्ष्याला मारण्याचें कारण उरलें नाहीं. औषध पाण्यांतून द्यावें, खुराडें कोरडें करावें, भुई उकरून नवीन भुसा टाकावा, एवढ्यानें बहुतेक कळप सांवरतो. तसेंच कोंबड्यांच्या देवीचें. तुऱ्यावर व डोळ्यांभोंवतीं खपल्या येतात, पक्षी विद्रूप दिसतो. परंतु घशांत फोड नसतील आणि खाणेंपिणें चालू असेल तर तो बहुधा आपोआप बरा होतो. तात्पर्य, जीव घेण्यासारखें दिसणारें लक्षण आणि जीव घेणारा रोग या दोन गोष्टी एक नव्हेत. निवाड्यापूर्वीं रोगाचें नांव कळलें पाहिजे.

रोगाचें नांव कळण्याला किती महत्त्व आहे हें हिंदुस्थानच्या अनुभवावरून दिसतें. १९२६ सालीं जावा बेटांत आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल बंदराजवळ कोंबड्यांचा एक नवीन रोग दिसला. १९२७ च्या सुमारास तोच कुमाऊंतील राणीखेत येथें आढळला. इंग्लंडांत डॉइल यानें त्याला तात्पुरतें म्हणून न्यूकॅसलचें नांव दिलें तें तसेंच राहिलें. आपल्याकडे तो राणीखेत म्हणूनच ओळखला जातो. मरणारा पक्षी धापा टाकतो, हिरवट हगतो, पाय व पंख लुळे पडतात, मान पिळल्यासारखी वांकडी होते. लस न टोंचलेल्या कळपांत हा रोग उग्र रूपानें शिरला तर दोन-चार दिवसांत खुराडें रिकामें होतें. मराठी शेतकऱ्यानें त्या वांकड्या मानेवरून त्याला मानमोडी असें नांव दिलें.

हा शब्द मराठी माणसाला निराळ्या कारणानेंहि माहीत होता. १९१८ सालीं मुंबई इलाख्यांत इन्फ्लुएंझाची जी भयंकर साथ आली, जिनें घरेंच्या घरें ओस पडलीं, तिलाहि लोक मानमोडीच म्हणत. शास्त्रदृष्ट्या माणसाची ती मानमोडी आणि कोंबडीची ही मानमोडी या दोन अगदीं भिन्न कुळांतील विषाणूंच्या करणी होत. लोकांनीं लक्षण पाहून नांव दिलें, आणि लक्षण सारखें दिसे. पण नांवांतल्या या सारखेपणाची किंमत पुढें मोजावी लागली.

राणीखेतवर औषध नाहीं. तेव्हांहि नव्हतें आणि आजहि नाहीं. तेथें उपाय दोनच. आजारी पक्षी मारून पुरणें, आणि निरोगी पक्ष्यांना आधींच लस टोंचणें. ही लस तयार करण्याचें मोठें श्रेय कुमाऊंतीलच मुक्तेश्वर येथील पशुवैद्यक संशोधन संस्थेला आहे. या संस्थेचा जन्म १८८९ सालीं पुण्यांत झाला आणि १८९३ सालीं ती हिमालयाच्या थंड हवेंत हलविण्यांत आली, ही गोष्ट पुणेकरांतील थोड्यांनाच माहीत असेल. त्या संस्थेंत हॅडो आणि इदनानी यांनीं राणीखेतचा उग्र विषाणु कोंबडीच्या गर्भयुक्त अंड्यांतून वारंवार वाढवून सौम्य केला, आणि त्याची माहिती १९४६ सालीं प्रसिद्ध केली. मुक्तेश्वरची ती जात लस म्हणून आजहि भारतांत वापरली जाते. कोंबडीच्या कॉलऱ्यावर पाश्चरनें जी युक्ति वापरली, तीच अधिक सुधारलेल्या रूपांत राणीखेतवर चालली. त्यामुळें एका अर्थानें औषध कीं सुरी हा वादच मागें पडला. रोग येण्यापूर्वींच निवाडा करण्याची सोय झाली. मात्र ही लस थंड ठेवावी लागते, ठराविक वयाला टोंचावी लागते, आणि एक कुपी उघडली कीं अनेक पक्ष्यांना लगेच संपवावी लागते. मोठ्या कुक्कुटशाळेला हें सहज जमतें. ज्या घरीं सातच कोंबड्या आहेत, त्यानें काय करावें? लस असूनहि परसांतली कोंबडी राणीखेतनें मरत राहिली, याचें कारण रोगशास्त्रांत शोधण्यापेक्षां या साध्या अडचणींत शोधावें लागतें.

आतां तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे माणसाला असणाऱ्या धोक्याकडे वळलें पाहिजे. १८७८ सालीं इटलींतील तुरीनच्या परिसरांत पेर्रोंचितो या शास्त्रज्ञानें कोंबड्यांच्या एका अत्यंत घातक साथीचें वर्णन केलें. लोक तिला कोंबड्यांचा प्लेग म्हणूं लागले. हा प्लेग वस्तुतः इन्फ्लुएंझाच्याच कुळांतला आहे, हें १९५५ सालीं जर्मन शास्त्रज्ञ वेर्नर शेफर यानें दाखवून दिलें. तरीहि तो पक्ष्यांपुरताच आहे असा समज होता. १९९७ च्या मे महिन्यांत हाँगकाँगमध्यें एक तीन वर्षांचा मुलगा तापानें दगावला. त्याच्या शरीरांत सांपडलेला विषाणु कोंबड्यांच्या इन्फ्लुएंझाचा, एच५एन१ या जातीचा, निघाला. वर्ष संपतां संपतां तेथें एकूण अठरा माणसें आजारी पडलीं आणि त्यांतलीं सहा मेलीं. तेव्हां २९ डिसेंबर १९९७ पासून हाँगकाँग सरकारनें तेथील सर्वच्या सर्व कोंबड्या, सुमारें १५ लाख पक्षी, मारून टाकले. त्यांतील बहुतेक निरोगी होते. त्यांना औषध द्यावें कीं काय, हा प्रश्न कोणीं विचारलासुद्धां नाहीं. कत्तलीनंतर त्या साथींत माणसाला नवीन लागण झाल्याचें आढळलें नाहीं, आणि त्या निर्णयाचें समर्थन झालें. परंतु विषाणु मात्र संपला नाहीं. पुढील दहा वर्षांत तो आशियाच्या पुष्कळ भागांत पसरला.

तो महाराष्ट्रांत उतरला २००६ च्या प्रारंभीं. नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर हें गुजरातच्या सीमेवर इतकें टेकलेलें आहे कीं, त्याचें रेल्वे स्थानक अर्धें एका राज्यांत व अर्धें दुसऱ्यांत आहे. तालुका मुख्यतः आदिवासींचा. आणि याच ठिकाणीं मोठमोठ्या कुक्कुटशाळा उभ्या राहिल्या होत्या. तेथें कोंबड्या मोठ्या संख्येनें मरूं लागल्या तेव्हां ही नेहमींची राणीखेत, म्हणजे मानमोडीच असावी, असें प्रथम समजलें गेलें. धापा, लुळेपणा, हिरवट हगवण हीं लक्षणें दोन्ही रोगांत सारखींच असल्यामुळें डोळ्यांना फरक दिसणें शक्य नव्हतें. १८ फेब्रुवारी २००६ रोजीं भोपाळच्या प्रयोगशाळेचा निकाल आला, आणि हा रोग म्हणजे एच५एन१ असल्याचें निश्चित झालें. भारतांतील ही पहिली घटना. कोंबडीच्या मानमोडीसारखी दिसणारी ही साथ कुळानें मात्र १९१८ च्या माणसाच्या मानमोडीची नातलग होती.

निकाल हातीं येतांच तीन किलोमीटरच्या वर्तुळांतील सर्व पक्षी मारण्याचा हुकूम सुटला. अंगभर झगे, तोंडाला पट्ट्या व डोळ्यांवर चष्मे घातलेलीं माणसें कुक्कुटशाळांतून व झोंपड्यांतून फिरूं लागलीं. कुक्कुटशाळेच्या मालकाचे हजारों पक्षी गेले, तसे झोंपडीच्या दारांतले पांचसातहि गेले. ज्या बाईची कोंबडी आदल्या दिवसापर्यंत अंडें देत होती, तिला वर्तुळ, प्रयोगशाळा आणि विषाणु हीं कारणें पटवून देणें कठीण होतें. थोड्याच आठवड्यांत जळगांव जिल्ह्यांतहि हेंच झालें. संशयित म्हणून तपासलेल्या एकाहि माणसांत तेव्हां हा विषाणु सिद्ध झाला नाहीं, आणि साथ आटोक्यांत आली. त्या दृष्टीनें निर्णय यशस्वी ठरला. पण रोग कायमचा गेला नव्हता. २०२१ च्या फेब्रुवारींत नवापुरांत तो पुन्हां आला आणि पुन्हां तेंच करावें लागलें. त्याच वर्षीं जुलैमध्यें दिल्लीच्या रुग्णालयांत हरियाणांतील एक अकरा वर्षांचा मुलगा याच रोगानें मेला. तो भारतांतील या रोगाचा पहिला मानवी बळी.

चौथा प्रश्न, म्हणजे किंमत कोणीं सोसावी हा, सर्वांत तीव्रतेनें उभा राहिला तो २००८ सालीं पश्चिम बंगालमध्यें. त्या जानेवारींत बीरभूम आणि दक्षिण दिनाजपूर या जिल्ह्यांतून रोग पसरला. तेथें मोठ्या कुक्कुटशाळा थोड्या. पक्षी घरोघरच्या परसांत विखुरलेले. चाळीस लाखांहून अधिक पक्षी मारावे लागले. नवापुरांत मारणारीं पथकें कुक्कुटशाळेच्या दारांतून आंत शिरत. येथें त्यांना प्रत्येक आंगणांत, तळ्याकाठच्या बदकांच्या मागें आणि बांबूच्या बेटांत धांवावें लागलें. लोकांनीं पक्षी लपविले, रातोरात नातेवाइकांकडे पोंचविले, किंवा घाईघाईनें विकून टाकले. त्यांना दोष देणें सोपें आहे. परंतु ठरलेली भरपाई हातांत केव्हां पडेल याची खात्री नसलेल्या माणसानें याहून निराळें काय करावें? कोंबडें झांकून ठेवल्यानें तांबडें फुटायचें राहत नाहीं, ही म्हण मराठींत उगीच रूढ झालेली नाहीं. डालग्याखालीं लपविलेली आजारी कोंबडी रोगाला लपवूं शकत नाहीं; ती फक्त त्याला दुसऱ्या गांवीं नेते. बेट्सचे चाळीस शिलिंग हे या एकाच गोष्टीवर उपाय होते.

भारतानें हा धडा कांहीं अंशीं घेतला. प्राण्यांच्या सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाचा कायदा २००९ सालीं झाला, आणि रोगाची खबर देणें हें पाळणाऱ्याचें कर्तव्य ठरलें. मारलेल्या पक्ष्यांच्या भरपाईचा बोजा केंद्र व राज्य यांनीं निम्मानिम्मा उचलावा, असें धोरण आलें. मात्र भरपाई ही सरकारी पथकानें मारलेल्या पक्ष्याची मिळते. पथक येण्यापूर्वीं जो मेला त्याची मिळत नाहीं. यांत लवकर खबर देणाऱ्याचा फायदा आहे, आणि तें बरोबरच आहे. पण ज्याला खबर कोठें द्यावयाची हेंच माहीत नाहीं, पशुवैद्याचा दवाखाना ज्याच्या घरापासून दहा कोसांवर आहे, त्याच्या वांट्याला त्या नियमाची फक्त कडक बाजू येते. कागदावरचा न्याय त्याच्या आंगणापर्यंत पोंचविणें हें काम अजून पुरें झालेलें नाहीं.

या सर्व इतिहासावरून परसांत चार कोंबड्या पाळणाऱ्या घराला कांहीं मार्गदर्शन मिळतें काय? मिळतें, आणि तें फारसें गुंतागुंतीचेंहि नाहीं. एकटीच कोंबडी आजारी असेल तर तिला इतरांपासून वेगळी काढावी, आणि रोगाचें नांव कळेपर्यंत ना घाईनें औषध द्यावें, ना घाईनें सुरी धरावी. जखम, जंत, रक्ती हगवण, देवी असे कित्येक आजार उपचारानें किंवा नुसत्या शुश्रूषेनें बरे होतात. तेथें जीव घेणें हा आळस होय. पशुवैद्यानें असाध्य म्हणून सांगितलेल्या, वेदनांनीं तडफडणाऱ्या पक्ष्याला जाणत्या हातानें चटकन संपविणें हें मात्र क्रौर्य नव्हे. त्याला दिवसेंदिवस तसाच ठेवण्यांत धन्याच्या मनाचें समाधान असेल, पक्ष्याचें हित नाहीं. आणि एकाएकीं अनेक पक्षी मरूं लागले तर तो निवाडा घरानें करावयाचाच नव्हे. तेथें मेलेला पक्षी कापूं नये, खाऊं नये, विकूं नये, ओढ्यांत फेंकूं नये. मुलांना दूर ठेवावें, आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला त्याच दिवशीं खबर द्यावी.

ही खबर देणारा माणूस आपल्या कोंबड्या गमावण्याची तयारी ठेवून ती देतो, हें मात्र समाजानें विसरूं नये. शहरांतल्या माणसाच्या ताटांतलें अंडें सुरक्षित राहतें, त्याच्या मुलाला ताप येत नाहीं, यामागें कोठल्या तरी खेड्यांतल्या एका बाईनें आपलें रिकामें झालेलें खुराडें मुकाट्यानें पाहिलेलें असतें. तिच्या पक्ष्यांची पुरी किंमत वेळेवर तिच्या हातांत ठेवणें हा उपकार नाहीं. रोगाला अडविण्याचा तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जुना उपाय आहे. १७१४ सालीं लंडनच्या गोठ्यांत तो उपयोगी पडला. बीरभूमच्या आंगणांत तो वेळेवर पोंचता, तर कित्येक पक्षी डालग्याखालून निघून दुसऱ्या गांवीं गेले नसते.